शाळेच्या आवारातील पाळणाघर

स्नानसंस्काराच्या विधीत शेवटाकडे एक छोटीशी प्रार्थना येते. धर्मगुरू बाळाच्या कानांना आणि ओठांना अंगठ्याने स्पर्श करतात. संत मार्कच्या शुभवर्तमानातील त्या बहिऱ्या, तोतऱ्या माणसाची ती आठवण. प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली आणि 'एफ्फाथा' हा अरामी शब्द उच्चारला. मुंबईच्या उपनगरांतील निरनिराळ्या धर्मग्रामांत सेवा करताना आम्ही किती बाळांच्या कानांना असा स्पर्श केला असेल, याची मोजदाद नाही. पण त्या कानांना ऐकू येते की नाही, हा प्रश्न विधीच्या वेळी आमच्या मनात कधी आला नव्हता. तो यायला एक प्रसंग घडावा लागला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळाप्रवेशाचे दिवस होते. एक तरुण जोडपे आपल्या मुलाला घेऊन धर्मगुरुनिवासात आले. मुलगा साडेपाच वर्षांचा. त्याला स्नानसंस्कार आम्हीच दिला होता. उपनगरातील एका शाळेने त्याला प्रवेश नाकारला होता. मूल बोलत नाही, सांगितलेले ऐकत नाही, पुढल्या वर्षी पाहू, असे सांगून बोळवण केली होती. आईवडिलांना आमचे शिफारसपत्र हवे होते. आम्ही कागद पुढे ओढला आणि लिहू लागलो. इतक्यात वाऱ्याने मागच्या खिडकीचे दार दाणकन आदळले. आई दचकली, आम्ही दचकलो. मुलगा मात्र टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत राहिला. त्याने मानही वळवली नाही.

पत्र अर्धवट राहिले. त्या कुटुंबाला आम्ही वांद्रे रेक्लमेशनवरील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत पाठवले. ही संस्था १९८३ सालापासून तेथे कर्णबधिरांसाठी काम करीत आहे. तपासणीत दोन्ही कान जन्मापासून जवळजवळ बंद असल्याचे निघाले. घरात कुणालाच कसे कळले नाही, असे वाचकांना वाटेल. आम्हालाही वाटले. पण त्याची आजी सांगे की, याचा बापही उशिराच बोलला. शिवाय तान्हेपणी हे मूल इतरांसारखेच हुंकार देई, आवाज काढी. कर्णबधिर बाळेही पहिले काही महिने असे बोबडे आवाज काढतात. स्वतःचा व दुसऱ्याचा आवाज कानांवर पडत नसल्याने ते हळूहळू कमी होत जातात आणि घरच्यांना मात्र सुरुवातीचे हुंकार आठवत राहतात. यात आजीचा दोष कोणता?

खरे दुःख पुढेच होते. केंद्र सरकारच्या योजनेतून २०१४ सालापासून गरीब घरातील कर्णबधिर मुलांवर कॉक्लिअर इम्प्लांटची महागडी शस्त्रक्रिया केली जाते. पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलासाठी त्या योजनेची वयोमर्यादा पाच वर्षे आहे, आणि ती वैद्यकीय कारणासाठीच आहे. मेंदूतील भाषेची जागा फार काळ वाट पाहत नाही. खुणांची भाषा हीदेखील पुरी भाषाच आहे, आणि तीही अशीच लहान वयात मिळावी लागते. हा मुलगा साडेपाच वर्षे कोणत्याही भाषेवाचून राहिला होता. शिक्षणाच्या हक्काचे दार सहाव्या वर्षी उघडते आणि त्या शस्त्रक्रियेचे दार पाचव्या वर्षी मिटते. या दोन दारांमध्ये तो सापडला.

तेव्हापासून आम्हाला एक प्रश्न छळू लागला. शाळेची आणि बाळाची गाठ इतक्या उशिरा का पडते? तान्ह्या मुलांना शाळेच्या आवारात आणावे, त्यांच्यातील उणीव तेथेच वेळीच हेरावी, असे आपल्याकडे कुणाला सुचलेच नव्हते काय? शोध घेऊ लागलो तेव्हा लक्षात आले की सुचले होते, आणि आपल्या घराजवळच सुचले होते.

आरंभ आपल्याच एका धर्माधिकाऱ्यापासून करावा लागेल. बिशप लिओ म्युरिन हे जर्मन येशूसंघीय. १८६७ पासून सुमारे वीस वर्षे ते मुंबईचे व्हिकर अपॉस्टॉलिक होते. त्यांनी १८८५ च्या सुमारास माझगावला मूकबधिर मुलांची शाळा काढली. भारतातील या प्रकारची ती पहिली शाळा समजली जाते. कलकत्त्याची शाळा त्यानंतर, १८९३ साली निघाली. पुढे १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी मुंबईत अंधांची शाळा सुरू केली. तीच आजची दादरची अंधशाळा. १९४४ साली वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने मतिमंद मुलांची शाळा काढली. (हे सारे शब्द आता मागे पडले आहेत, आणि ते बरेच झाले. पण त्या काळच्या पाट्यांवर तेच होते.) मुंबईला या बाबतीत मान खाली घालण्याचे कारण नाही. मात्र या साऱ्या शाळाच होत्या. मूल पाटी धरण्याजोगे झाले म्हणजे त्याच्या शिक्षणाचा विचार करायचा, असाच तो काळ होता. त्याआधीची वर्षे आईच्या कडेवरची, म्हणजे कुणाच्याच हिशेबात नसलेली.

या वर्षांचा हिशेब मांडण्याची कल्पना रोमहून आली. मारिया मॉण्टेसरी या वैद्यकीय पदवी घेतलेल्या इटालियन कॅथलिक बाई. त्यांच्या नावाच्या शाळा आज गल्लोगल्ली दिसतात. पण त्यांची पद्धत मुळात कुणासाठी निघाली, हे त्या शाळांच्या चालकांनाही बहुधा ठाऊक नसते. रोममधील वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेल्या मंदबुद्धी मुलांपासून बाईंच्या कामाची सुरुवात झाली. त्यासाठी त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांची पुस्तके अभ्यासली. इतार हे पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील वैद्य, तर सेगँ हे मतिमंद मुलांचे शिक्षक. हाताला जाणवणारे खरखरीत-गुळगुळीत तुकडे, खाचांत बसणारे लाकडी गोल, स्पर्शाने गिरवायची अक्षरे हे सारे साहित्य ज्या मुलांची ज्ञानेंद्रिये अधू त्यांच्यासाठी होते. त्याने ती मुले शिकली. मग बाईंना प्रश्न पडला की, हेच धडधाकट मुलांना दिले तर? ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे प्रभुप्रकटीकरणाच्या सणादिवशी, रोमच्या सान लोरेंझो या कामकरी वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर जात आणि शाळेचे वय न झालेली पोरे चाळीच्या भिंती खराब करीत. म्हणून घरमालक कंपनीने एक खोली दिली होती. भांडुपची किंवा घाटकोपरची चाळ ज्याने पाहिली आहे, त्याला सान लोरेंझो डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत.

अधू मुलासाठी घडलेले साधन धडधाकट मुलाच्या हाती गेले, येथवर ठीकच झाले. पण पुढच्या प्रवासात ते ज्याचे मूळचे होते तोच मागे राहिला. आमच्या मते या सबंध इतिहासाचे मर्म येथे आहे.

तो प्रवास भावनगरमार्गे आपल्याकडे झाला. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांना जाऊन मिळाल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. ताराबाई राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या होत्या. ती मानाची व चांगल्या पगाराची जागा सोडून त्या भावनगरला लहान मुलांत येऊन बसल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. मध्यमवर्गीय मराठी घरांनी आपली मुले तेथे आनंदाने पाठवली. त्या तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण खर्चिक साहित्य आणि शहरी पालक यांपलीकडे ही पद्धत जाऊ शकते की नाही, ही रुखरुख त्यांना लागून राहिली. त्यांनी बोर्डी गाव निवडले. २४ डिसेंबर १९४५ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

त्यांना साथीदार मिळाली ती आपल्या उपनगरात. १९४५ सालीच बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टतर्फे ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. त्या शिबिरात अनुताई वाघ आल्या होत्या. मोरगावच्या, कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या, शिक्षिकेची नोकरी करून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या. तेथे ताराबाईंची आणि त्यांची गाठ पडली आणि त्या बोर्डीला गेल्या. आज बोरिवलीच्या स्टेशनाबाहेर उभे राहिले की गर्दीखेरीज काही दिसत नाही. त्या गर्दीतून जाताना आम्हाला हे शिबिर आठवते.

बोर्डीला पहिला धडा मिळाला तो शिकवणाऱ्यांना. गावात बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातील मुले येईनात. आईबाप मजुरीला, मुले उघडीनागडी, आणि गावातील इतरांच्या नजरा त्यांच्यावर रोखलेल्या. ताराबाई-अनुताईंनी वाट पाहणे सोडले आणि त्या स्वतः वाड्यात गेल्या. कुणाच्या तरी अंगणात बसायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. शिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे हेच साहित्य. हीच 'अंगणवाडी'. सबंध देशाने पुढे उचललेला हा शब्द असा बोर्डीच्या एका अंगणातून आला आहे. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्या अंगणात ठरले.

दुसरा धडा कोसबाडचा. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये हलले. आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना काही सोबत्यांसह तेथे गेलो होतो. अनुताई जाऊन एक-दोन वर्षेच झाली होती. (१९९२ च्या सप्टेंबरात त्या निवर्तल्या, ताराबाई त्याआधीच, १९७३ साली.) चिकूच्या वाड्या मागे टाकत टेकडी चढलो. थकलो होतो, आणि खरे सांगायचे तर जे पाहिले त्याचा अर्थ तेव्हा फारसा कळला नाही. मिशनऱ्यांनी केले तसेच हेही एक सेवाकार्य, एवढीच समजूत घेऊन परतलो. तो अर्थ त्या आदळलेल्या खिडकीने आम्हाला शिकवला.

कोसबाडला प्रश्न असा होता. पाड्यावरच्या सात-आठ वर्षांच्या मुलीला शाळेत आणायचे, तर तिच्या कडेवर धाकटे भावंड. आईबाप कामाला गेलेले. ती आली तर बाळ कुणी सांभाळायचे? बाळाला घेऊन आली तर वर्गात रडारड. सरकारी शाळेचा मास्तर अशा मुलीला परत पाठवतो आणि हजेरीपटावर गैरहजेरी मांडतो. ताराबाईंनी उलटा विचार केला आणि बाळालाही शाळेत घेतले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एका आवारात, एका व्यवस्थेखाली आणली. मुलगी वर्गात, मधले भावंड बालवाडीत आणि तान्हे पाळणाघरात. या रचनेला त्यांनी 'विकासवाडी' म्हटले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा गुरांमागे रानात नेली. ती 'कुरणशाळा'.

विकासवाडी ही गळती थांबवण्याची युक्ती होती, असेच पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट होती, जिचा गाजावाजा झाला नाही. पाळणाघरात दहा बाळे शेजारी शेजारी असतात. त्यांना रोज न्हाऊमाखू घालणारी, खाऊ घालणारी बाई सगळ्यांना एकाच वेळी पाहते. टाळी वाजवली की नऊ माना वळतात आणि एक वळत नाही. नऊ बाळे बसू लागतात आणि एक लवंडते. आईपुढे एकच बाळ असते. तिला तुलना करायला मोजमाप नसते, आणि शेजारणीने तोंडावर बोट ठेवून काही सुचवले तर ते अपशकुनासारखे लागते. अधू बाळ हेरायला यंत्र नंतर लागते. आधी लागते ती अनेक बाळे रोज पाहणारी नजर. ती शाळेच्या आवारात कशी आणून बसवावी, हे कोसबाडने दाखवले होते.

त्याच १९५७ साली आपल्या भागात काय घडत होते? १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द अंधेरीपर्यंत सरकली होती. १९५७ च्या फेब्रुवारीत ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. मरोळ, कोंडिविटे, एक्सर अशी आपली गावठाणे महानगरात आली आणि गावच्या शाळा महापालिकेच्या पाटीखाली गेल्या. पुढे गिरण्या, कारखाने, इमारतींची कामे यांसाठी माणसांचे लोंढे आले आणि खाडीच्या कडेला, डोंगराच्या उतारावर झोपड्या चढल्या. त्या झोपड्यांतही कडेवर भावंड घेतलेली तीच मुलगी होती. आई चार घरची धुणीभांडी करायला गेलेली. महापालिकेची शाळा समोर आणि आपल्या धर्मग्रामाची शाळा पलीकडे. दोन्ही शाळांना फाटक होते, पाळणाघर नव्हते. १९७२ पासून मोबाइल क्रेशेस या संस्थेने मुंबईत इमारतींच्या बांधकामांवरच पाळणाघरे चालवायला घेतली, आणि १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम'ने वस्त्यावस्त्यांत मिळेल त्या जागी बालवाड्या भरवल्या. ही कामे मोलाची. पण ती शाळेच्या फाटकाबाहेरची.

सरकार जागे झाले ते २ ऑक्टोबर १९७५ रोजी. एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभर ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात आदिवासी भागासाठी मेळघाटातील धारणी आणि शहरी वस्तीसाठी मुंबईची धारावी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, रुग्णालयाकडे पाठवणी, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका अंगणवाडी सेविकेच्या हाती आल्या. एवढी मोठी बालसेवा जगात फार थोड्या ठिकाणी असेल. पण बोर्डीचा शब्द दिल्लीला गेला आणि कोसबाडचा टेकडीवरच राहिला. अंगणवाडी महिला-बालविकासाकडे, शाळा शिक्षणाकडे, दवाखाना आरोग्याकडे. तीन खाती, तीन वह्या. एकाच मुलाचे नाव तिन्ही वह्यांत असले तरी त्या वह्या एका टेबलावर येत नाहीत. त्यातही तीन ते सहा वर्षांची मुले तेवढी रोज अंगणवाडीत येतात. तीन वर्षांखालचे बाळ घरी असते आणि त्याच्या वाट्याचा शिधा आई घेऊन जाते. म्हणजे ज्या वयात मान वळते की नाही हे पाहायचे, ते वय पुन्हा नजरेआडच.

आणि अधू मूल? १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मेंदूच्या पक्षाघातासह जन्मलेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने त्या या कामाकडे वळल्या होत्या. १९९० च्या दशकात त्यांनी या बालविकास योजनेचाच अभ्यास हाती घेतला आणि दाखवून दिले की सर्व मुलांसाठी म्हणून आखलेल्या योजनेत अपंग मुले प्रत्यक्षात घेतलीच जात नाहीत. सेविका दुष्ट होत्या असे नव्हे. अशा मुलाचे काय करायचे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते आणि त्यांच्या कामाच्या यादीत ते नव्हते. पुढे त्यांच्या संस्थेने धारावीतल्या लहानग्यांमध्ये धडधाकट व अपंग मुलांना एकत्र शिकवण्याचे काम केले. रोमच्या इस्पितळातून निघालेले साधन इतक्या वर्षांनी आपल्या मूळ मालकापाशी परत आले, ते धारावीत.

कायद्यांची गोष्ट लांबवत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात मुलांची वर्षातून एकदा तपासणी करून धोक्यातील मुले हुडकावीत, असे कलम होते. ते कागदावर चांगले होते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांचा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांचा. कायद्याचे मूल सहा वर्षांचे होऊनच जन्माला येते, असे आम्ही एकदा विनोदाने म्हणालो होतो. श्रोत्यांत त्या मुलाची आई बसली होती. आम्हाला ते बोलल्याचा पश्चात्ताप झाला.

अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथे १९८६ च्या कायद्याने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या अधू बाळांसाठी घरी येऊन मदत करण्याची व्यवस्था सुरू झाली. तिसऱ्या वाढदिवसाला त्या बाळाची जबाबदारी त्या भागाच्या सार्वजनिक शाळांकडे जाते. मिशिगनसारख्या राज्याने तर त्याही आधी, १९७३ पासूनच, जन्मलेल्या दिवसापासूनची जबाबदारी शाळाखात्यावर टाकली. सरकारी शाळेतील शिक्षिका पाळण्यातल्या बाळाच्या घरी जाते, ही गोष्ट आपल्याला नवलाची वाटेल. कोसबाडला ती वाटली नसती.

आपल्याकडे तसे पाऊल पडले ते पुन्हा याच पट्ट्यात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आणि बोर्डी-कोसबाडही त्याच जिल्ह्यात. बाळ जन्मताच प्रसूतिगृहात त्याची तपासणी, सहा आठवड्यांपर्यंत आशा कार्यकर्तीने घरी जाऊन पाहणी, सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि त्यानंतर सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा वैद्यकीय पथकाची फेरी, अशी ही साखळी. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी पाहायच्या आणि संशयित मूल जिल्ह्याच्या 'शीघ्र हस्तक्षेप केंद्रा'कडे पाठवायचे. हस्तक्षेप हा शब्द आम्हाला रुचत नाही, त्यात कुणाच्या तरी कामात लुडबूड केल्याचा वास येतो. वेळीच हात देणे, एवढेच त्यात म्हणायचे आहे. पण सरकारी मराठी अशीच. तिच्याशी भांडत बसण्यापेक्षा काम समजून घ्यावे.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. २०२१ च्या जूनमध्ये देशातील १४ राष्ट्रीय व प्रादेशिक संस्थांत सर्व प्रकारच्या अपंगत्वासाठी अशी केंद्रे उघडली. त्यांतले एक वांद्र्याच्या त्याच संस्थेत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात अंगणवाडी सेविकांसाठी दिव्यांग मुलांविषयीची कार्यपद्धती जाहीर झाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पहिला टप्पा मानला, आणि २०२५ मध्ये अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात आणण्याविषयी केंद्राच्या दोन खात्यांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे विकासवाडी टेकडी उतरू लागली आहे. फक्त तिचा तिसरा भाग, पाळणाघर, अजून वाटेत आहे. धोरणाचे मूल सहा वर्षांवरून तीनवर आले. तीनवरून शून्यावर यायचे राहिले आहे.

आता आपल्या घरचे सांगतो. आमच्या धर्मग्रामाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत तळमजल्यावरचे दोन वर्ग रिकामे पडले आहेत. असे रिकामे वर्ग आज उपनगरांतील पुष्कळ मराठी शाळांत आहेत, महापालिकेच्या आणि आपल्याही. कारणे सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यावर या पानांतून पुष्कळ लिहून झाले आहे. शाळेमागच्या वस्तीत जी अंगणवाडी आहे, ती दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत भरते. पावसाळ्यात तिच्या उंबऱ्यावर पाणी येते. ती अंगणवाडी आमच्या वर्गांत आणावी, शेजारच्या वर्गात कामकरी आयांच्या बाळांसाठी पाळणाघर असावे आणि तपासणीचे पथक येईल तेव्हा वस्तीतल्या सर्व बाळांनी तेथेच यावे, असा विचार आम्ही धर्मग्राम परिषदेपुढे मांडला. काहींना तो पसंत पडला. काहींनी विचारले की, तेच वर्ग शिकवणीवाल्यांना दिले तर महिन्याचे भाडे येईल, आणि शाळेचे छप्पर गळते आहे त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. छप्पर खरोखरच गळते. एका ज्येष्ठ सभासदाने शंका काढली की, आपल्या शाळेत अधू मुले दिसू लागली तर चांगल्या घरचे पालक येतील का? त्यावर सभा बराच वेळ गप्प राहिली. परिषदेची पुढची बैठक आगमनकाळाच्या आधी आहे. तोवर वर्गांची मापे घेऊन ठेवली आहेत.

तो मुलगा आता कर्णबधिरांच्या शाळेत जातो. रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसतो. तेथून त्याला आमचे ओठ दिसतात. सुरुवातीला आम्ही वाचनाच्या पुस्तकात मान घालून बोलत असू. एकदा त्याच्या आईने सुचवले तेव्हापासून मान वर ठेवतो.

मध्यंतरी त्या घरी मुलगी झाली. स्नानसंस्काराची तारीख ठरवायला आई कार्यालयात आली, तेव्हा तिने जन्मदाखल्याबरोबर आणखी एक कागद टेबलावर ठेवला. वांद्र्याहून आणलेला बाळाच्या कानांच्या तपासणीचा अहवाल होता. दोन्ही कान ठीक होते. आमच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता. आम्ही समासात लिहून घेतले.